सुपरमार्केटचे पॉइंट्स चोरीला गेले आणि पोलीस म्हणतात रक्कम किरकोळ : तक्रार करावी का?

शहापूर, बेळगावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : "सासूबाई दोन वर्षांपासून एकाच सुपरमार्केटमधून महिन्याचा किराणा भरतात. पॉइंट्स त्यांच्या मोबाईल नंबरवर जमा होतात. गणपतीच्या सामानाला ते वापरायचे म्हणून गेलो, तर शिल्लक शून्य. सुमारे २,४०० पॉइंट्स, म्हणजे तेवढेच रुपये, आदल्या आठवड्यात निपाणीच्या शाखेत वापरले गेले होते. आमच्या घरचे कुणीही निपाणीला गेलेले नाही. दुकान म्हणते, ओटीपी तुमच्याच मोबाईलवर गेला, आमचा संबंध नाही. पोलीस स्थानकात सांगितले, एवढ्याशा रकमेला गुन्हा काय नोंदवायचा, दुकानातच मिटवा. हा गुन्हा होतो की नाही? अर्ज मराठीत चालतो का? आणि एवढ्यासाठी धावाधाव करावी का?"

ताई, हा गुन्हा आहे. रक्कम लहान आहे म्हणून पोलिसांना तो परत पाठवता येत नाही. मी बेळगाव जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो. पॉइंट्स, रिचार्ज, गिफ्ट व्हाउचर अशा चोऱ्या घेऊन येणारी माणसे आता नेहमीची झाली आहेत, आणि बहुतेकांना पहिल्याच टेबलावरून हेच उत्तर मिळालेले असते. ते उत्तर अगदीच निराधार नाही. त्यामागे कायद्यातला एक खरा बदल आहे. तो समजला की पुढचा रस्ता दिसतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. हा भाग मला पटतो. पण तिच्याबरोबर आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, परिशिष्टात हीच पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र ठरवली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या कायद्यात शंभर रुपयांची चोरीही दखलपात्र होती. आज मजुराची तीन हजारांची जुनी सायकल आठवडी बाजारातून गेली तर त्याने कोर्टात जाऊन तपासाचा आदेश आणायचा. पाच हजारांची रेघ ओढताना त्या माणसाचा विचार झालेला दिसत नाही.

तरीही अदखलपात्र म्हणजे "लिहून घ्यायचे नाही" असा अर्थ होत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे ठाणे अंमलदाराने माहिती नोंदवहीत उतरवायची असते, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगायचे असते आणि अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. तोंडी "मिटवा" म्हणून बोळवण करायची सोय या कलमात नाही.

तुमच्या बाबतीत तर या पाच हजारांच्या रेघेपाशी अडायचे कारणच नाही. सासूबाईंचा नंबर आणि त्यांचा ओटीपी दुसऱ्याने वापरला. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख पटवणारी तशीच खूण अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६सी चा गुन्हा आहे : तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच कायद्याचे कलम ७७बी सांगते की तीन वर्षे किंवा जास्त शिक्षेचे गुन्हे दखलपात्र. यात रकमेची अट कुठेही नाही. दोनशे रुपयांचे पॉइंट्स असते तरी हेच लागले असते.

दुसरे कलम फसवणुकीचे, न्याय संहितेचे ३१८(४). इथे एक वाद हमखास निघतो. दुकानाचे वकील म्हणतात, पॉइंट्स म्हणजे मालमत्ताच नव्हे, अटींमध्ये "रोख मूल्य नाही" असे छापले आहे. त्याला दोन उत्तरे आहेत. जुन्या दंड संहितेत जंगम मालमत्ता म्हणजे मूर्त, हाताला लागणारी वस्तू असे धरले होते. नव्या संहितेच्या व्याख्येतून ती मूर्त असण्याची अट गेली आहे आणि जमीन व जमिनीला जखडलेल्या गोष्टी सोडून सर्व प्रकारची मालमत्ता तीत येते. दुसरे उत्तर मला जास्त भक्कम वाटते. निपाणीत त्या माणसाने पॉइंट्स नुसते पुसले नाहीत, त्या बदल्यात तेल, तूप, साबण काहीतरी पिशवीत भरून नेले. स्वतःला खातेदार भासवून दुकानाकडून माल काढला. तो माल तर मूर्तच आहे ना? फसवणुकीच्या कलमाला पाच हजारांची मर्यादा नाही आणि तोही गुन्हा दखलपात्र आहे.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये ठरवून दिले. नागरिक सुरक्षा संहितेने एक सवड दिली आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तसे करत असतील तर करू द्या, पण तसे लेखी मागा. न्याय संहितेचे कलम ३३ कुणी पुढे केले, म्हणजे समंजस माणूस तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा नव्हे, तर सांगा की दोन वर्षांची साठवण एका दिवशी रिकामी होणे त्यात बसत नाही.

आता पोलिसांची बाजू. ती खरी आहे आणि ती न ओळखता भांडलात तर काम होणार नाही. बेळगावच्या स्थानकांतली माणसे गणेशोत्सव, विसर्जन मिरवणूक, १ नोव्हेंबरचा राज्योत्सव आणि मग सुवर्ण विधानसौधातले विधिमंडळाचे अधिवेशन या बंदोबस्तात महिनोन्महिने अडकलेली असतात. नोंदवलेला प्रत्येक गुन्हा आरोपपत्रापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर छडा लागला नाही म्हणून 'सी' रिपोर्ट द्यावा लागतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास इन्स्पेक्टर दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. तुमच्या समोर बसलेल्या पीएसआयच्या हातात हा तपास नव्हताच, आणि हे तो सहसा सांगत नाही. म्हणून शक्य तर अर्ज थेट सीईएन पोलीस स्थानकात द्या. सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांसाठी ते वेगळे स्थानक आहे. शहापूर शहर आयुक्तालयात येते, निपाणी जिल्हा पोलीस प्रमुखांकडे. तुमची हद्द नाही असे कोणी म्हटले तर नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगा : हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची आणि नंतर वर्ग करायची, ज्याला झिरो एफआयआर म्हणतात. त्याच संहितेच्या कलम २०२ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक संदेशातून झालेल्या फसवणुकीत संदेश जिथे पाठवला किंवा जिथे मिळाला तिथल्या कोर्टात प्रकरण चालू शकते. ओटीपी शहापुरात आला असेल तर एवढे पुरे आहे. पॉइंट्स उद्या कोल्हापूरच्या किंवा गडहिंग्लजच्या दुकानात वापरले गेले तरी हेच लागू होते, आणि सीमाभागात ते नेहमी घडते.

एवढ्यासाठी धावाधाव का, हा तुमचा खरा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : नोंद व्हायलाच हवी, मग आरोपी सापडो न सापडो. पॉइंट्सचा चोर एका खात्यावर थांबत नाही. अनेक खात्यांतून थोडे थोडे काढतो, आणि प्रत्येकाला "एवढ्यासाठी कोण जाईल" असे वाटावे यावरच त्याचा धंदा चालतो. वेगवेगळ्या घरांच्या तक्रारी एका वहीत आल्या तर तोच काउंटर, तीच वेळ, तोच नंबर दिसायला लागतो. वहीत काहीच नसेल तर हुशार इन्स्पेक्टरलाही काही दिसणार नाही.

ब्रिटनने हा अनुभव आपल्या आधी घेतला. तिथे टेस्को या सुपरमार्केट साखळीचे पॉइंट्सचे क्लबकार्ड १९९५ चे, तसेच नेक्टर कार्ड २००२ चे. मार्च २०२० मध्ये दुसरीकडून फुटलेले पासवर्ड क्लबकार्डच्या खात्यांवर चालवून पाहण्याचा प्रकार उघड झाला, तेव्हा टेस्कोने सुमारे सहा लाख कार्डे बदलून दिली. आणि इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ च्या कायद्याने २०० पौंडांपर्यंतची दुकानचोरी किरकोळ वर्गात टाकली. पोलिसांचा अटकेचा अधिकार त्याने गेला नव्हता, तरी दोनशेच्या आत कोणी विचारत नाही हा समज दुकानदारांत आणि चोरांत सारखाच पसरला. ती तरतूद काढण्यासाठी सरकारला २०२५ मध्ये विधेयक आणावे लागले. आपल्या पाच हजारांच्या रेघेने तर तपासच थांबतो.

आता कामाचे बोलू. पोलिसांकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी दुकानाला पत्र जाऊ द्या, कारण कॅमेऱ्याचे चित्रण दुकानाकडे फार दिवस राहत नाही. डीव्हीआर भरला की जुन्यावर नवे चढते, कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याभरात. पत्र शाखेला आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयातील तक्रार निवारण अधिकाऱ्याला, रजिस्टर पोचपावतीने आणि ईमेलनेही. त्यात निपाणीच्या त्या बिलाची प्रत मागा. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात बरेच काही असते : बिल क्रमांक, काउंटर, कॅशियरचा कोड, मिनिटापर्यंतची वेळ, वापरलेले आणि उरलेले पॉइंट्स. ओटीपी नेमका कोणत्या नंबरवर गेला ते विचारा. खात्याचा नंबर मधल्या काळात कुणी बदलला होता का आणि कोणत्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधून, हेही विचारा. त्या बिलाच्या वेळेचे चित्रण जपून ठेवा, पुसले गेले तर जबाबदारी तुमची, असे स्पष्ट लिहा.

"ओटीपी तुमच्याकडेच गेला" हे दुकानाचे म्हणणे तुम्ही घरीच तपासू शकता. सासूबाईंचा फोन घ्या, एकही संदेश पुसू नका. निपाणीच्या बिलाची वेळ संध्याकाळी ७:१४ असेल तर त्या सुमाराचे संदेश आणि आलेले कॉल पाहा. ७:१० ला अनोळखी नंबरचा कॉल आणि ७:१३ ला ओटीपी असेल, तर कोणीतरी दुकानातून बोलतोय म्हणून तो विचारून घेतला. हे त्यांना विचारताना आवाज चढवू नका. वयस्कर माणसे लाजेने "मी नाही सांगितला" म्हणतात आणि तपासातला सर्वांत चांगला पुरावा, म्हणजे तो कॉल नंबर, दडून राहतो. फसून ओटीपी सांगणे हा त्यांचा गुन्हा नाही, आणि त्यामुळे चोराचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही. ओटीपीचा संदेश आलाच नसेल, तर मात्र गडबड दुकानाच्या आत आहे. नंबर बदलून घेतला असेल किंवा ओटीपीशिवाय पॉइंट्स वळते करण्याची सोय मॅनेजरच्या लॉगिनला असेल.

माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत आणखी दोन वाटा दिसल्या आहेत. एक जुन्या सिमची. आपल्याकडे माणसे कामाला कोल्हापूर, पुणे, गोव्याला जातात, तिकडचे सिम घेतात आणि परतल्यावर ते बंद पडू देतात. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर त्या नंबरवरची सगळी पॉइंट्सची खाती जातात. नव्या माणसाला ओटीपी अगदी रीतसर येतो. दुसरी वाट काउंटरवरची. ग्राहक "नंबर नको" म्हणाला की कॅशियर आपल्या किंवा मावसभावाच्या नंबरवर ते पॉइंट्स चढवतो. त्यात ग्राहकाचे काही जात नाही असे वाटते, पण नुकसान दुकानाचे होते आणि पुढे त्याच सवयीने ग्राहकाच्या शिलकीलाही हात लागतो.

इथे मला दुकानांना काही सांगायचे आहे. सीमाभागातल्या एका गावात असाच प्रकार उघडकीस आल्यावर मॅनेजरने काउंटरवरच्या मुलीला मागच्या गोदामात दुपारपासून रात्रीपर्यंत बसवून ठेवले, मोबाईल काढून घेतला आणि स्टँप पेपरवर आधीच्या सगळ्या तुटीची कबुली लिहून घेतली. नंतर संगणकातली नोंद पाहिली, तर निम्म्या व्यवहारांच्या वेळी ती सुट्टीवर होती. तिचा कोड वापरणारा दुसराच निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. खाजगी माणसाला कुणालाही पकडण्याचा अधिकार नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असेल तरच, आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचे. पाच हजारांखालची साधी चोरी यांत बसतच नाही. मुलीला कोंडून ठेवणे हा मात्र न्याय संहितेच्या कलम १२७ चा गुन्हा आहे. पोलीस किरकोळ गुन्हे लिहून घेत नाहीत तेव्हा ही गोदामातली न्यायदान पद्धत फोफावते, आणि तिच्यात सर्वांत कमी पगाराचे माणूस भरडले जाते. तुमच्या प्रकरणातही निपाणीचा कॅशियरच चोर असे गृहीत धरून अर्जात त्याचे नाव घालू नका. "बिलावरील कोड अमुक" एवढेच लिहा.

अर्ज मराठीत चालतो. राज्यघटनेचे कलम ३५० सांगते की गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. तरी माझा सल्ला असा की मराठी अर्जाला कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, कोर्टाबाहेरचे टायपिस्ट ते सहज करून देतात. हक्क सोडायचा नाही, पण "भाषा कळली नाही" ही सबबही शिल्लक ठेवायची नाही. स्थानकात नोंद कन्नडमध्ये होईल. कलम १७३ प्रमाणे ती तुम्हाला वाचून दाखवायची असते आणि प्रत फुकट द्यायची असते. समजेल अशा भाषेत अर्थ सांगितल्याशिवाय सही करू नका, विशेषतः "ओटीपी स्वतः दिला" की "फसवून घेतला" हे वाक्य नीट पाहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. नोंदवणार नसतील तर कारणासह हिंबरह, म्हणजे लेखी शेरा, मागा. ते लेखी द्यायचे म्हटल्यावर बरेचदा नोंदच होते.

तरीही झाली नाही, तर कलम १७३(४) प्रमाणे तीच माहिती वरिष्ठांकडे पाठवा, शहरात पोलीस आयुक्त कार्यालय, जिल्ह्यात पोलीस प्रमुख. तिथेही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज करता येतो. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० ला फोन करा. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः बँकेतले पैसे गोठवण्यासाठी आहे. पॉइंट्स बँकेत नसतात, त्यामुळे तिथून फार अपेक्षा ठेवू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मात्र तक्रार टाका, कारण तिचा पोच क्रमांक तारखेचा पुरावा ठरतो.

पैशाचा प्रश्न ग्राहक आयोगात सुटतो. त्यासाठी पोलिसांची वाट पाहायची गरज नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणे ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आतूनच नंबर फुटला असेल तर हा मुद्दा वापरा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. माझ्या अनुभवात लेखी पत्र आणि १९१५ ची नोंद एवढ्यावरच मुख्य कार्यालय बहुधा पॉइंट्स परत करते.

पॉइंट्स परत मिळाले तर जरूर घ्या. त्यासोबत "आता आमची कोणतीही तक्रार नाही, पोलीस अर्ज मागे घेतो" असा छापील कागद समोर येईल. त्यावर सही करू नका. "पॉइंट्स मिळाले" एवढीच पावती लिहून द्या. ६६सी चा गुन्हा नोंदला गेला असेल तर तो दुकानाच्या कागदाने मिटत नाही, तडजोड झाली तरी ती कोर्टासमोरच होते. निपाणीच्या बिलाची प्रत आणि ओटीपी गेलेल्या नंबरची माहिती दुकानाकडून तुम्हाला तेव्हाही येणे आहे. ती हातात आली की तिची प्रत सीईएन स्थानकात, तुमच्या अर्जाचा क्रमांक घालून, जमा करा.